नाताळच्या आदल्या दिवशीची शाळा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. सहल, क्रीडा स्पर्धा, स्नेहसंमेलन, यू-डायस या सरकारी प्रणालीत भरायची शाळेची माहिती आणि या सगळ्यात नाताळचा कार्यक्रम. यंदा मराठवाड्यातल्या शाळांमधून आलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत. सारखे प्रश्न होते तिथे एकच उत्तर दिलं आहे.

प्रश्न : माझ्याकडे चौथीचा वर्ग आहे, पट 46. खासगी अनुदानित मराठी शाळा, वेळ साडेदहा ते साडेचार. 24 डिसेंबरला दुपारी नाताळचा कार्यक्रम माझ्या वर्गाकडे असतो. त्याच दिवशी हजेरी, खिचडी, वह्या आणि दुसऱ्या वर्गावरचा एक तासही असतो. कार्यक्रम उशिरा सुरू होतो आणि घंटा झाल्यावर कसाबसा संपतो. दिवस कसा आखावा? — शिक्षिका, अंबड

आखणी शेवटच्या घंटेपासून मागे करत या. साडेचारला शाळा सुटते, तर 4 वाजता मुलं आपापल्या कपड्यांत, दप्तर आवरून बसलेली हवीत. 46 मुलांचे वेश उतरवून पिशव्यांत भरायला वीस मिनिटं आणि वर्ग झाडायला दहा मिनिटं धरा. म्हणजे कार्यक्रम 3.30ला संपलाच पाहिजे. कार्यक्रम 40 मिनिटांचा ठेवा, त्याहून मोठा नको. या वयाची मुलं प्रेक्षक म्हणून त्यापुढे बसत नाहीत आणि मागच्या रांगेतून गोंगाट सुरू होतो. तर सुरुवात 2.50ला. वेश चढवायला 25 मिनिटं, म्हणून 2.25ला तयारी सुरू. जेवण 1.15 ते 2. मधली 25 मिनिटं गोष्टीच्या पुस्तकांचं मूकवाचन घ्या. जेवल्याबरोबर पळापळ सुरू झाली की एखाद्याला उलटी होते आणि तुमचा अर्धा तास तिथेच जातो.

सकाळ मात्र नेहमीच्या शाळेसारखीच ठेवा. परिपाठात राष्ट्रगीत, राज्यगीत, संविधानाची प्रास्ताविका झाल्यावर दिनविशेष येतोच. 24 डिसेंबर ही साने गुरुजींची जयंती (जन्म 1899) आणि राष्ट्रीय ग्राहक दिनही. गुरुजींची सर्वांना पाठ असलेली प्रार्थना त्या दिवशी परिपाठाला घेतली तर दुपारच्या कार्यक्रमाची सुरुवात सकाळीच झाल्यासारखं होतं, वेगळं प्रास्ताविक भाषण लागत नाही. हजेरी परिपाठ संपताक्षणी घ्या, कारण खिचडीचा तांदूळ त्या आकड्यावर मोजला जातो. पहिली ते पाचवीला मुलामागे 100 ग्रॅम धान्य. कार्यक्रम आहे म्हणून त्या दिवशी पट पूर्ण असतो, आदल्या दिवसाच्या अंदाजाने शिजवलं तर शेवटच्या ओळीला कमी पडतं. स्वयंपाकाच्या ताईंना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

पहिले दोन तास गणित आणि मराठी, अगदी नेहमीसारखे. अनेक शिक्षक त्या दिवशी सकाळपासूनच सराव घेतात, ते टाळा. साडेदहापासून नाचलेली मुलं दोनपर्यंत थकतात, आवाज बसतो, आणि तिसऱ्यांदा केलेल्या नाटुकल्यात त्यांना रस उरत नाही. जेवणाआधी दहा मिनिटं फक्त कोण कुठून येणार आणि कुठून जाणार एवढं चालत दाखवून घ्या. संवाद म्हणायचे नाहीत.

वेश जेवणानंतरच. खिचडीतली हळद पांढऱ्या चादरीला लागली की डाग दुसऱ्या बाकावरूनही दिसतो. प्रत्येक मुलाचा वेश कापडी पिशवीत, पिशवीवर मार्करने हजेरी क्रमांक. नाव लिहू नका, क्रमांक लिहा. एका वर्गात एकाच नावाची तीन-तीन लेकरं असतात. वर्गाचे चार कोपरे ठरवा, बारा-बारा मुलांचा एक गट एका कोपऱ्यात. मदतीला आयांना बोलावण्याची पद्धत आहे, पण डिसेंबरात कापूस वेचणी आणि तुरीची काढणी चालू असते, दुपारी गावात बायका सापडत नाहीत. सातवीची चार मुलं-मुली मागून घ्या आणि त्यांच्या वर्गशिक्षकांना 20 तारखेलाच तसं लिहून द्या. दुसऱ्या वर्गावरचा तुमचा तासही तेव्हाच बदलून घ्या. आयत्या वेळी तोंडी केलेली अदलाबदल मुख्याध्यापकांच्या वहीत नसते, आणि मग नेमक्या 2.30ला शिपाई निरोप घेऊन येतो.

वह्यांचं सोपं आहे. 23 तारखेला तपासावा लागेल असा गृहपाठ देऊ नका.

टेबलाखाली एक खोकं भरून ठेवा : दोन डझन सेफ्टी पिना, दोन चिकटपट्ट्या, सुतळी, कात्री, मार्कर, कोरडं फडकं, जुने वर्तमानपत्र, प्रथमोपचाराची पेटी. कात्री तुमच्याजवळ, मुलांकडे नाही. आणि वेश चढवण्याआधी सगळ्यांना एकदा लघवीला पाठवा. तीन पिनांनी अडकवलेली चादर घातल्यावर मूल कुणाला सांगायला लाजतं.

आता आवाज. कार्यक्रम लांबण्याचं पहिलं कारण माईक असतो. एकच माईक हातातून हातात फिरला की प्रत्येक वाक्यामागे पाच-सहा सेकंद जातात, चाळीस वाक्यांत चार मिनिटं. शिवाय तो पडतो, तोंडापासून लांब धरला जातो. माईक स्टँडला लावून रंगमंचाच्या एका कडेला निवेदकासमोर ठेवा. स्पीकर माईकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून, स्टुलावर. स्पीकरचा आवाज माईकमध्ये परत शिरला की शिट्टी वाजते. तशी वाजली तर आवाज वाढवू नका, स्पीकर दोन पावलं पुढे न्या. वीज जाण्याची शक्यता धरून चार्ज केलेला बॅटरीचा स्पीकर हाताशी हवा. तो 23ला संध्याकाळी चार्जिंगला लावा, 24ला सकाळी नको, कारण तेव्हाच वीज नसते.

जागा इमारतीच्या पूर्वेच्या अंगाला निवडा. डिसेंबरात तीन वाजता ऊन नैर्ऋत्येकडून येतं, त्या वेळी पूर्वेकडे सावली असते. उन्हात बसवलेले पहिलीचे वर्ग दहा मिनिटांत उठतात.

प्रश्न : येशूजन्माच्या नाटुकल्यात मरिया, योसेफ, देवदूत, तीन राजे आणि तीन मेंढपाळ एवढेच असतात. उरलेल्या लेकरांचं काय करावं? पालक नाराज होतात. — शिक्षिका, पैठण

नाराजी रास्त आहे. वर्गातल्या प्रत्येक मुलाला काम असलंच पाहिजे, आणि या गोष्टीत ते सहज देता येतं. पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक किती होते याचा आकडा बायबलातल्या मत्तयच्या शुभवर्तमानात नाहीच. भेटी तीन होत्या, सोनं, ऊद आणि गंधरस, त्यावरून तीन माणसं अशी प्रथा पडली. त्यांना राजेही तिथे म्हटलेलं नाही. तुम्ही नऊ ज्ञानी घ्या, एकेका भेटीमागे तीन. लूकच्या शुभवर्तमानात मेंढपाळांचाही आकडा नाही, आणि देवदूतांचा तर समुदायच आहे. 46 मुलांची वाटणी अशी बसते : मरिया, योसेफ, सांगावा आणणारा देवदूत आणि धर्मशाळेचा मालक हे चौघे, ज्ञानी 9, मेंढपाळ 8, देवदूतांचा समुदाय 10, बेथलेहेमचे गावकरी 6, गायक 7, निवेदक 2. बेरीज करून बघा, कुणी सुटत नाही. मेंढ्या हव्या असतील तर गावकऱ्यांतली तीन मुलं मेंढ्या होतील.

मेंढपाळ आणि ज्ञानी एकाच वेळी गव्हाणीपाशी उभे करण्याची सवय आहे. मेंढपाळ लूकमध्ये आहेत, ज्ञानी मत्तयमध्ये, आणि तिथे ते घरात येतात. मुलांच्या नाटुकल्यात दोन प्रवेश वेगळे ठेवले तर गोष्ट खरी राहते आणि रंगमंचावर एका वेळी पंचवीसच्या वर मुलं येत नाहीत. तीस मुलं एकदम आली की मागची दिसत नाहीत आणि त्यांचे पालक पुढे येऊन उभे राहतात.

संवाद निवेदकांनी म्हणायचे, बाकीच्यांनी अभिनय करायचा. दहा वर्षांच्या मुलाचा आवाज मैदानावर चौथ्या रांगेपलीकडे जात नाही. ज्यांना बोलायचंच आहे त्यांना एकेक वाक्य द्या, आठ शब्दांच्या आतलं, आणि ते स्टँडवरच्या माईकपाशी येऊनच म्हणायचं.

वेशावर खर्च करू नका. मेंढपाळांना घोंगडी आणि काठी. मराठवाड्यात घोंगडी अजून घराघरांत आहे, आणि डोक्यावरून पांघरलेली खरी घोंगडी भाड्याच्या चमकदार झग्यापेक्षा कितीतरी चांगली दिसते. काठी मुलाच्या खांद्याएवढीच हवी. लांब काठी शेजारच्याच्या डोळ्यात जाते. मरियेला निळी ओढणी, योसेफाला उपरणं. देवदूतांना पांढरा सदरा आणि जरीची पट्टी. पुठ्ठ्याचे पंख करायचे तर 30 सेंटीमीटरच्या वर नकोत, कारण पंखवाली दोन मुलं दारातून एकदम जाताना अडकतात आणि पंख मुळापासून फाटतात. गव्हाणीला भाजीचं लाकडी खोकं, त्यात कडबा. कडब्याची धारदार पानं काढून घ्या.

सराव 10 तारखेच्या सुमारास सुरू करा, रोज शेवटच्या तासातली वीस मिनिटं. पहिले तीन दिवस फक्त गाणी. गाण्यांसाठी कॅरल, म्हणजे इंग्रजी नाताळगीतंच हवीत असं नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (1861–1919) अभंग आणि ओवीच्या वळणाची ख्रिस्ती भक्तिगीतं लिहून ठेवली आहेत. पेटी आणि टाळांवर ती आपल्या मुलांच्या गळ्यात दोन दिवसांत बसतात, कारण चाल त्यांच्या कानाला ओळखीची असते. न कळणाऱ्या इंग्रजी ओळी पाठ करून घेण्यात आठवडा घालवण्यापेक्षा हे फार चांगलं. गाव जालना किंवा छत्रपती संभाजीनगरच्या जवळ असेल तर तिथल्या चर्चच्या मंडळीतल्या एखाद्या गायकाला एक दिवस चाल बसवायला बोलवा. जालन्यात तर मराठी ख्रिस्ती धर्मप्रसारक नारायण शेषाद्रींच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकापासून, मराठी ख्रिस्ती वस्ती आहे. बोलावणं महिन्याच्या सुरुवातीला पाठवा, नाताळच्या आठवड्यात ही मंडळी रोज रात्री घरोघर कॅरल गात फिरत असतात.

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची शाळा. गावात एकही ख्रिस्ती घर नाही. नाताळ साजरा करावा का, असं दोन पालकांनी विचारलं. काय सांगावं? — मुख्याध्यापक, गंगाखेड

संविधानाच्या 28व्या कलमानुसार पूर्णपणे शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतही कुणाला त्याच्या इच्छेविरुद्ध, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, उपासनेत सहभागी करून घेता येत नाही. म्हणजे रेषा स्पष्ट आहे. सणाची माहिती, गोष्ट, गाणं, कागदकाम हे शिक्षण. प्रार्थना, आरती, उपासना करून घेणं हे नव्हे. ईद, बुद्धपौर्णिमा, दिवाळी या सगळ्यांना हाच नियम लावा आणि पालकांना तसंच सांगा.

कार्यक्रम शाळा व्यवस्थापन समितीच्या डिसेंबरच्या बैठकीत विषय म्हणून घ्या आणि इतिवृत्तात नोंदवा. कोणत्या मुलाला कोणता वेश, याची चिठ्ठी पालकांकडे पाठवून सही घ्या. एखाद्या घरून नकार आला तर त्या मुलाला निवेदन, फलकलेखन किंवा घंटा वाजवण्याचं काम द्या. वर्गाबाहेर बसवू नका, आणि त्याच्या नकाराचं कारण सगळ्यांसमोर विचारू नका. मूल दोन्हीकडून अडचणीत येतं.

आमचं मत विचाराल तर माहिती जरूर द्या. गावात घर नसलं तरी पुढे शिकायला गेल्यावर या मुलांच्या शेजारच्या बाकावर कुणीतरी ख्रिस्ती असणारच आहे. आणि सांताक्लॉजपुरतं थांबू नका. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावी निकोलस नावाचे बिशप होते, दानासाठी त्यांची ख्याती झाली, तिथून ही परंपरा निघाली, एवढं चौथीच्या मुलांना नीट समजतं.

प्रश्न : पाच टोकांची मोठी चांदणी मुलांकडून करून घ्यायची आहे. आमची चांदणी दर वेळी एका बाजूला वाकडी होते आणि कागद फाटतो. नेमकी मापं द्या. — कलाशिक्षक, कळंब

वाकडी होते ती मापाच्या खुणा न केल्यामुळे. बुरडाकडून बांबूच्या 10 कामट्या घ्या, प्रत्येकी 60 सेंटीमीटर लांब, साधारण 8 मिलिमीटर रुंद आणि 4 मिलिमीटर जाड. सगळ्या एकाच जाडीच्या हव्यात. एक जाड निघाली तर ती वाकत नाही आणि बाकीच्या चार तिच्याकडे ओढल्या जातात. पेर आलेली जागा टोकापाशी असेल तर ती कामटी बाजूला काढा. वापरण्याआधी दोन-तीन तास पाण्यात भिजवा. उन्हात वाळलेली कामटी वाकवताना चिरते आणि कूस हातात जाते. कडा काचकागदाने मोठ्यांनी घासून द्या.

प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून 23 सेंटीमीटरवर पेन्सिलीची खूण करा. मध्ये 14 सेंटीमीटर उरतात. पाच कामट्यांची चांदणी मांडली की प्रत्येक कामटी दुसऱ्या दोन कामट्यांना बरोबर या खुणांवरच ओलांडते. खूण खुणेवर आली की चांदणी आपोआप सरळ होते, कोनमापक लागत नाही. कामट्या एकीखालून एकीवरून अशा विणत न्या. टोकं बांधायला सुती दोरा नको. भिजवलेला बांबू वाळताना आकसतो आणि दोऱ्याची गाठ सैल पडते. सायकलच्या जुन्या ट्यूबचे 4 मिलिमीटर रुंद काप वापरा. रबर आकसणाऱ्या बांबूला धरून राहतं, पाचवीच्या मुलालाही घालता येतं.

अशा दोन चांदण्या करा. एकीवर एक ठेवून पाचही टोकं एकमेकांना बांधा. आता आतल्या पाच फुल्यांपाशी 12 सेंटीमीटरच्या पाच काड्या उभ्या करून दोन्ही चांदण्या फाकवा. काड्या एकामागून एक लावू नका. एक लावली की तिच्या समोरच्या बाजूची लावा, नाहीतर सगळा ताण एका अंगाला जातो. हा तो क्षण, जिथे चांदणी वाकडी होते. पाचही काड्या हलक्या हाताने बसवून मगच रबर घट्ट करा, आणि सांगाडा रात्रभर टांगून ठेवा.

दुसऱ्या दिवशी कागद. पतंगाचा पातळ कागद चांगला. पुढे-मागे मिळून टोकांचे 10 त्रिकोण, बाजूंचे 10 अरुंद त्रिकोण आणि मधले दोन पंचकोन. मापावर अवलंबून राहू नका, सांगाडा कागदावर टेकवून आखा आणि सगळीकडून दीड सेंटीमीटर जास्त ठेवून कापा. तो दुमड चिकटवायला लागतो. मैद्याची खळ करा : 2 सपाट चमचे मैदा एक वाटी थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मंद आचेवर ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, पूर्ण गार करायचा. खळ गरम किंवा पातळ असली की कागद भिजून फाटतो, रंगही उतरतो. ब्रशने नव्हे, बोटाने, फक्त कामटीला लावा. कागदाला नाही. आणि कागद ताणून बसवू नका. ओला कागद सैल असतो, वाळताना आपोआप ताणला जातो. आधीच ताणलेला असेल तर रात्रीत फाटतो, सकाळी मुलं येऊन बघतात तेव्हा टोकाशी चीर असते.

मागच्या पंचकोनाची एक बाजू न चिकटवता उघडी ठेवा, तिथून एलईडीची माळ आत सोडा. बल्बच लावायचा तर 5 वॅटच्या आतला एलईडी, कागदाला न टेकणारा. जुना पिवळा बल्ब आणि मेणबत्ती अजिबात नको. टांगणी सुतळीची, वरच्या टोकाला. वायरवर वजन देऊ नका, होल्डरमधून वायर निसटते.

पाच मुलांच्या एका गटाला तीन दिवस लागतात, रोज एक तास. पहिल्या दिवशी खुणा आणि बांधणी, दुसऱ्या दिवशी काड्या, तिसऱ्या दिवशी कागद. म्हणून 19 तारखेपर्यंत सुरुवात झालीच पाहिजे.

प्रश्न : नाताळचं झाड विकत घ्यायला पैसे नाहीत. पऱ्हाटीचं करता येईल का? — शिक्षिका, किनवट

येईल, पण तुराट्यांचं जास्त चांगलं होतं. तूर निघायला लागलेलीच असते, तुराटी सरळ आणि हलकी असते. पऱ्हाटीला वाळलेल्या बोंडांची टोकं असतात, लहान मुलांच्या हाताला ती ओरखडतात. सहा तुराट्या कापा : 90, 75, 60, 45, 30 आणि 15 सेंटीमीटर. खाली मोठी, वर लहान, दोन तुराट्यांमध्ये 18 सेंटीमीटर अंतर ठेवून दोन बाजूंनी सुतळीने बांधा, दोरीच्या शिडीसारख्या. वरचं टोक खिळ्याला. भिंतीवर झाड उभं राहतं, वर्गातली जागा जात नाही, आणि गुंडाळून पुढच्या वर्षासाठी ठेवता येतं. तुराट्यांना हिरव्या क्रेप कागदाच्या पट्ट्या गुंडाळा.

बर्फ म्हणून कापूस लावण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि आपल्याकडे कापूस घरोघर आहे. तो विजेच्या माळेजवळ किंवा मेणबत्तीजवळ लावू नका. पिंजलेला कापूस एका ठिणगीने पेटतो आणि आग वाळलेल्या तुराट्यांवर लगेच चढते. कापूस लावायचा तर दिवे नाहीत, दिवे लावायचे तर कापूस नाही, असा नियम फळ्यावर लिहून ठेवा.

प्रश्न : वर्गातल्या पन्नास जणांसाठी खाऊ करून द्यायचा आहे. केक प्रवासात मोडतो. दुसरं काय? — पालक, उदगीर

शंकरपाळी द्या. मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या, शंकरपाळी, चकली, लाडू हाच फराळ असतो, त्यामुळे ती सणाला धरूनच आहे. पन्नास जणांना प्रत्येकी 30 ग्रॅम म्हणजे दीड किलो लागतील. त्यासाठी 300 मिलिलीटर दूध, 280 ग्रॅम साखर, 250 ग्रॅम तूप, चिमूटभर मीठ आणि 850 ते 900 ग्रॅम मैदा. दूध, साखर आणि तूप एकत्र गरम करून साखर पूर्ण विरघळवा. विरघळली नाही तर तळताना तिचे काळे ठिपके पडतात. मिश्रण कोमट झाल्यावर मावेल तेवढा मैदा घालून घट्ट भिजवा, अर्धा तास झाकून ठेवा. पोळी अर्धा सेंटीमीटर जाड लाटा.

सगळी कापण्याआधी एकच तळून बघा. तेलात विरघळायला लागली तर मोहन जास्त झालं, पिठात दोन चमचे मैदा मळून घ्या. दगडासारखी कडक झाली तर मोहन कमी पडलं, चमचाभर पातळ तूप मळा. बाहेरून लाल आणि आतून कच्ची म्हणजे आच मोठी. मध्यम ते मंद आचेवर एक घाणा सात-आठ मिनिटं घेतो. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, वाफेने मऊ पडतात.

शाळेत नेऊन देताना वर्गशिक्षकांना आधी कळवा, आणि वाटप कार्यक्रमानंतर करायला सांगा. आधी गोड दिलं की खिचडी ताटात उरते. शिक्षकांनी स्वतः एक चाखून मगच वाटावं, पोषण आहाराची चव घेतात तसंच.

प्रश्न : येळवस आणि नाताळ एकाच आठवड्यात आले तर निम्मा वर्ग शेतात असतो. शिवाय ऊसतोडीला गेलेल्या घरांतली लेकरं मध्येच येतात, मध्येच जातात. सराव कसा घ्यावा? — सहशिक्षक, औसा

पंचांग आधी बघा. 2022 मध्ये येळवस, म्हणजे शेतातल्या वनभोजनाची वेळ अमावस्या, 23 डिसेंबरला होती, म्हणजे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी. असं वर्ष असेल तर अंतिम सराव त्याच्या दोन दिवस आधी उरकून घ्या आणि अमावस्येच्या दिवशी काहीही ठेवू नका. लेकरं वनभोजनाला जाणारच, गेलीही पाहिजेत.

ऊसतोडीच्या घरांतल्या मुलांना गटातली कामं द्या : देवदूतांचा समुदाय, गावकरी, गायक. तिथे दोन कमी-जास्त झाले तरी प्रवेश अडत नाही, आणि आदल्या दिवशी परत आलेलं मूलही घोंगडी पांघरून रांगेत उभं राहू शकतं. त्यांच्या वेशाच्या दोन पिशव्या जास्तीच्या तयार ठेवा. मरिया, योसेफ आणि निवेदक यांना मात्र प्रत्येकी एक राखीव मूल हवंच. राखीव मुलाने सगळे सराव करायचे, आणि 24 तारखेला त्याची गरज पडली नाही तर दुसरा निवेदक म्हणून एक परिच्छेद त्याच्याकडे द्यायचा.

प्रश्न : चिठ्ठ्या टाकून मुलांनी एकमेकांना भेट द्यायची, असं ठरवलं. काहींनी दोनशेची भेट आणली, काहींनी काहीच नाही. पुढच्या वेळी मर्यादा किती ठेवावी? — शिक्षिका, बीड

पैशाची मर्यादा ठेवूच नका, ती पाळली जात नाही आणि ज्या घरात दहा रुपयेही जड आहेत त्या घराला ती जाचतेच. विकत घेतलेली वस्तू चालणार नाही असं सांगा. चिठ्ठी निघेल त्याच्यासाठी हाताने केलेलं भेटकार्ड, आत त्या मुलाबद्दल तीन खरी वाक्यं. ए-4 कार्डशीट मधून कापली की एकातून दोन भेटकार्डं होतात, म्हणजे 46 मुलांना 23 शीट. शाळेतच, एका तासात, सगळ्यांनी एकत्र बसून करायची. घरी पाठवलं की पालक करून देतात. वाक्यं आधी वहीत लिहून घ्या आणि वाचून बघा. "तू चांगला आहेस" एवढ्यावर भागवणाऱ्याला विचारा, कधी, काय केलं होतं त्याने? मग "माझी बाटली सांडली तेव्हा तू तुझं पाणी दिलंस" असं काहीतरी येतं. टोचून लिहिलेलं एखादं वाक्य याच वेळी सापडतं, ते तिथेच बदलून घ्या. चिठ्ठ्या 18 तारखेला काढा, भेटकार्डं 22ला करा आणि कार्यक्रमापर्यंत तुमच्या कपाटात ठेवा. गैरहजर मुलाचं भेटकार्ड तुम्ही स्वतः लिहा, म्हणजे वाटपाच्या वेळी कुणाचे हात रिकामे राहत नाहीत.